दुसऱ्या पक्षाचा रुग्ण

४ जानेवारी

प्रिय बेबी,

तुझं पत्र पोचलं. दीड पान, त्यातलं एक हवामानावर. हवा इथेही आहे. पुढच्या वेळी तुझ्याबद्दल लिही.

ईमेल करत जाऊ का, म्हणून विचारतेस. नको. तिथे तू ‘बरं चाललंय’ एवढं लिहून मोकळी होतेस. कागदापुढे माणसाला निदान बसावं लागतं. फोन तर नकोच. तीस वर्षं कारखाने तपासत हिंडले, त्यात यंत्रांनी माझे कान खाल्ले. आता कानात यंत्र घालते. त्यातून मला फक्त माझाच आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि तो मला कधी फारसा आवडलेला नाही.

तुझा सर्वेअर जाऊन दोन वर्षं होत आली. लग्नाआधी ‘ताई, हा सर्वेअर’ अशी ओळख करून दिलीस, तेव्हापासून तुझ्या नवऱ्याचं नाव माझ्या लेखी तेच. त्याच्यासाठी भाड्यानं आणलेली ती लोखंडी खाट दुकानदाराला परत केलीस ना? तो गेला तेव्हा तुझ्याकडे तीन दिवस राहिले, निघताना बजावलं होतं. शकुन-अपशकुन मी मानत नाही. जागा अडते म्हणून सांगते.

आता माझी बातमी. ‘उशाशी’च्या तंटा समितीची मी अध्यक्ष झाले. आठवत असेल तर, सर्वेअर अंथरुणाला खिळला तेव्हा त्या ऑनलाइन जागेचा पत्ता मीच तुला दिला होता. आईच्या आजारपणात मला तिचा उपयोग झाला होता. घरात आजारी माणूस सांभाळणारे तिथे टोपणनावानं लिहितात, एकमेकांना धीर देतात, युक्त्या सांगतात. तू एकदा डोकावून आलीस आणि ‘फार रडारड आहे’ म्हणालीस. रडारड आहेच. पण रडणारी माणसंही भांडतात, आणि ती भांडणं कोणीतरी मिटवावी लागतात. बिनपगारी काम आणि वर शिव्या. नोकरीसारखंच, पगार तेवढा वजा.

आम्ही तिघं आहोत. एक मी. दुसरे निवृत्त वकील. त्यांचं प्रत्येक मत ‘प्रथमतः’नं सुरू होतं आणि ‘द्वितीयतः’ काही येत नाही, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात ‘प्रथमतः’च म्हणते. तिसरी एक नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणतात. ती ड्यूटी संपवून घरी जाताना बसमध्ये मत लिहिते आणि त्यात पूर्णविराम नसतो. मागच्या महिन्यात दोन सभासदांनी पाण्याची गादी बरी की हवेची, यावरून एकमेकांचे आईबाप काढले. त्याचा निवाडा केला. दोघांनाही पंधरा दिवस गप्प बसवलं. दोघांचेही आईबाप अंथरुणावरच होते.

मी आल्याबरोबर एक पद्धत घालून दिली. कागद आमच्याकडे येण्याआधी चिटणीस त्यावरची नावं, टोपणनावं, गावं पुसतो. आमच्यापुढे येतात ते फक्त पहिला पक्ष आणि दुसरा पक्ष. आमची नावं मात्र सगळ्यांना ठाऊक असतात. कोणा पक्षाचं आमच्याशी नातं असेल तर त्यानं आधी सांगायचं. आम्हाला कळलं तर आम्ही बाजूला व्हायचं. म्हणून तुला यातलं लिहायला हरकत नाही. ती माणसं कोण, हे मलाच माहीत नसतं.

आज आलेला तंटा विचित्र आहे. पहिला पक्ष म्हणजे घरी शिवणकाम करणारी एक बाई. तिचे वडील नुकतेच वारले. दुसरा पक्ष म्हणजे तीन वर्षं रोज सकाळी आपल्या अंथरुणावरच्या नवऱ्याबद्दल लिहिणारी एक बाई. अर्ध्या सभासदांचा दिवस म्हणे तिचं वाचून सुरू होतो. शिवणवालीचं म्हणणं एका ओळीत असं: हिचा नवरा जिवंतच नाही.

दुःखानं डोकं फिरलेलं दिसतं. आपलं माणूस गेलं म्हणून दुसरीच्या जिवंत नवऱ्याला मेलेला म्हणायचं, याला जीभ तरी कशी रेटते? दुसऱ्या पक्षाला लवकर मोकळं करावं, असं माझं मत आहे.

खाटेचं कळव.

तुझी
ताई


१५ जानेवारी

प्रिय ताई,

अध्यक्ष झालीस, अभिनंदन. लहानपणी माझी आणि शेजारच्या मुलींची भांडणं तूच सोडवायचीस. मला आठवतं, दोघींनाही एकेक धपाटा मिळायचा आणि मग न्याय झाला असं तू जाहीर करायचीस.

माझ्याबद्दल लिही म्हणतेस. चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस जाते. मालक म्हणतात, बेबीबाई, तुम्ही गिऱ्हाइकाला इतका वेळ आरशापुढे बसवता की ते चष्मा न घेता स्वतःलाच कंटाळून निघून जातं. पण बोलवतात रोज. घरी येते, जेवते, वाचते. तब्येत बरी आहे. तो असायचा त्या खोलीत सकाळी ऊन छान येतं, मी तिथेच बसते. तुझं पत्रही तिथेच बसून वाचलं.

त्या शिवणवालीचे वडील कशानं गेले? तू लिहिलं नाहीस. मी काही चांभारचौकशा करत नाही, वाचताना मनात आलं इतकंच. तिचं आणि त्या दुसऱ्या बाईचं पूर्वी बरं होतं का?

आणि एक विचारते. समज, शिवणवाली खोटं बोलत नसेल. समज, नवरा खरंच गेलेला असेल. तर त्या दुसरीचं तुम्ही काय करता? काही नियम आहे का? रोज सकाळी इतक्या लोकांना तिचा आधार वाटतो म्हणतेस, त्याचं काही वजन धरता का?

अशीच विचारते. तुझ्या पत्रांत मला नेहमी फक्त निकाल कळतो, त्याच्या आधीचं काहीच कळत नाही.

तुझी
बेबी


२८ जानेवारी

प्रिय बेबी,

खाटेचं तू टाळलंस. ते मी लक्षात ठेवलं आहे.

शिवणवालीची मी मनोमन माफी मागितली. ती खरं बोलत होती. चिटणीसानं दुसऱ्या पक्षाला सरळ विचारलं, आणि तिनं एका ओळीत कबूल केलं: ‘तो गेला आहे.’ कधी, ते सांगत नाही. सविस्तर निवेदन देईन म्हणते.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं क्रमानं देते.

दोघींचं फार बरं होतं. शिवणवालीच्या वडिलांना तोच आजार, तीच निकामी बाजू, नाकात तशीच नळी. वय जवळपास सारखं. तिनं या बाईच्या नवऱ्यासाठी मागून उघडणारे दोन सदरे शिवून पाठवले होते, कूस बदलताना हात वर करावे लागू नयेत असे. दुसऱ्या पक्षानं जाहीर आभार मानले. लिहिलं की अगदी मापात बसले, आज निळा घातलाय. ते मी दोनदा वाचलं, बेबी. निळा घातलाय.

आता वडील कशानं गेले ते. नवरा वारल्यावरही ही बाई रोज लिहितच राहिली. नुसती लिहीत राहिली असती तर मी म्हटलं असतं, सोडा, विरंगुळा आहे. पण तिनं त्याला बरा करायला घेतला. आधी बोटं हलली. मग मान धरू लागला. मग एक दिवस नळी काढली आणि तो तोंडानं लापशी खाऊ लागला. शेकडो लोकांनी तिचं अभिनंदन केलं. ते शिवणवालीनं वाचलं. तिला वाटलं, आपणच भित्र्या आहोत, आपण वडिलांना नळीवर ठेवून त्यांच्या तोंडची चव मारली. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. पण डॉक्टर महिन्यातून एकदा दिसणार, आणि ही बाई रोज. तिनं वडिलांना लापशी भरवायला सुरुवात केली. ती फुप्फुसात उतरली. आधी ताप, मग दवाखाना, मग संपलं.

त्यानंतर तिनं दुसऱ्या पक्षाला लिहिलं की मला तुमच्या मिस्टरांना एकदा भेटायचंय, निदान कॅमेऱ्यावर दाखवा. ही टाळत राहिली. शेवटी ‘या आठवड्यातला’ म्हणून लावलेला चमचा धरलेल्या हाताचा फोटो हिनंच पहिल्या वर्षी एकदा लावलेला निघाला.

कारखान्यात अपघात झाला की मी कामगाराला कधी दोष देत नसे. आधी बघायची, चाकावरचं झाकण कुठे गेलं. झाकण नसेल तर आज ना उद्या कोणाचा तरी हात जाणारच. इथे मी झाकण शोधून थकले. इथे मला फक्त एक बाई दिसते, जी रोज सकाळी शुद्धीवर राहून, नीट बसून खोटं लिहिते.

सिस्टर म्हणते ताकीद द्या आणि सोडा ती आजारी आहे तिला माणसं हवीत. ‘प्रथमतः’ म्हणतात, नियमात ‘रुग्ण जिवंत असला पाहिजे’ असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही, कारण ते लिहावं लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. मी काढून टाकण्याच्या बाजूनं आहे.

आमच्याकडे अध्यक्षानं प्रत्येक पक्षाला एकच प्रश्न विचारायचा असतो. मी दुसऱ्या पक्षाला विचारलं आहे: त्याला बरा का केलात?

ताई


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून बरेच दिवस हातात पेन धरवलं नाही. त्या शिवणवालीच्या वडिलांचं मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे, तू लिहीपर्यंत माहीत नव्हतं. ते गेले एवढंच कळलं होतं, तुझ्या पहिल्या पत्रात.

त्या दुसऱ्या बाईबद्दल मला काय वाटतं ते लिहू? तू म्हणशील, तुला काय कळतंय. पण मीही एक माणूस उशाशी बसून सांभाळलं आहे, तेव्हा थोडं कळतं.

मला वाटतं, तिनं ठरवून केलं नसेल. नवरा गेला त्या आठवड्यात पाहुणे आले असतील, कपाटं आवरून गेले असतील. घर रिकामं झाल्यावर तिनं सवयीनं ती जागा उघडली असेल. तिथे वीस-पंचवीस जणांनी विचारलेलं असेल, आज कसे आहेत? चार दिवस दिसला नाहीत, काळजी वाटते. घरात आलेल्या एकानंही तिला ‘कसे आहेत’ असं विचारलं नसेल, कारण ते कसे आहेत हे सगळ्यांना ठाऊकच होतं. तिनं लिहिलं असेल, ‘झोपलेत.’ ते काही फारसं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत कोणीतरी विचारलं असेल.

आणि बरा का केला, हा तुझा प्रश्न. तू अशी गोष्ट कधी लिहून पाहिली आहेस का, ताई? रोज तोच माणूस, त्याच खाटेवर, तसाच. किती दिवस लिहिणार? त्याला परत मारवत नाही. एकदा मारून झालेलं असतं. मग एक बोट हलवलं की वाचणारे किती हरखतात. पुढच्या दिवशी दुसरं हलवावंसं वाटतं. जिवंतपणी जे झालं नाही ते सगळं करून घ्यावंसं वाटतं. त्यात कोणाच्या तोंडात चमचा जाईल हे लक्षात येत नाही, कारण लिहिणारीच्या समोर तोंडच नसतं.

मी तिची बाजू घेत नाहीये. तिच्यामुळे एक माणूस गेला, हे मला समजतं. तुझ्यापेक्षा मला ते जास्त समजत असेल.

तू म्हणतेस तिला काढून टाकणार. समज, ती तुझ्या ओळखीची असती, तर?

बेबी


२० फेब्रुवारी

प्रिय बेबी,

दुसऱ्या पक्षाचं निवेदन आलं. चिटणीसानं नावं पुसली होती, काम चोख केलं होतं.

त्यात एक वाक्य होतं. अर्धांगाचा झटका आल्यावर त्या माणसाची वाचा गेली, पण दिशा तेवढ्या राहिल्या. खिडकीकडे वळवायचं असलं की तो ‘पूर्व’ म्हणायचा, आणि भिंतीकडे वळवायचं असलं की ‘पश्चिम’.

हा प्रकार मी आयुष्यात एकाच घरात ऐकला आहे. तेव्हा मला थोडंफार ऐकू येत होतं.

मी तुला काही विचारत नाही. विचारलं आणि तू उत्तर दिलंस, तर ते मला समितीपुढे ठेवावं लागेल. पण तू आपणहून मला काही लिहिलंस, तर मी कारण न देता बाजूला होण्याचा काहीतरी मार्ग काढीन. मग उरलेले दोघं ठरवतील. सिस्टरचं मत तुला माहीत आहे, आणि ‘प्रथमतः’ कोणत्याही बाजूला ढकलले जातात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात निकाल लिहायचा आहे. तोवर वाट बघते. सरळ लिही. आडवळणानं लिहिलेलं मला समजत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

ताई


१ मार्च

प्रिय ताई,

तू ये.

सुट्टी काढावी लागत नाही तुला आता. सकाळची गाडी घेतलीस तर दुपारपर्यंत पोचशील. मी दुकानात सांगून ठेवते. त्या खोलीत बस माझ्याबरोबर. समोर बस म्हणजे तुला माझे ओठ दिसतील, यंत्राचीही गरज पडणार नाही. मग तू विचार, मी सांगते.

कागदावर मला आता काही खरं लिहिता येत नाही. लिहायला बसलं की हात आपोआप चांगलं लिहितो. म्हणून म्हणते, ये.

मागच्या वेळी आलीस तेव्हा तीन दिवस तू घर आवरत होतीस. त्याचे कपडे, औषधं, कागद. एकदाही बसली नाहीस. या वेळी नुसती ये.

बेबी


१४ मार्च

बेबी,

मी आले नाही. निकालाआधी कोणत्याही पक्षाला भेटायचं नाही, असा नियम आहे. तोही माझाच.

तुला सरळ लिहायला सांगितलं होतं. तू ‘ये’ लिहिलंस. त्याचा अर्थ मी असा घेतला की समोर बसवून, रडून, मला मऊ करायचा तुझा विचार आहे. आणि ‘पूर्व’ हा शब्दही मी ओळखावा म्हणूनच निवेदनात घातला असावास. तसं असेल तर तो समितीवर दबाव होता.

बाजूला व्हायचा मार्ग मला सापडला नाही. कारण न देता बाजूला होता येत नाही, आणि कारण म्हणजे तू. तू कोण आहेस हे समितीला माझ्या तोंडून कळावं, हे मला नको होतं. म्हणून बसून राहिले. बसल्यावर एकच भीती होती, की माझं पारडं तुझ्या बाजूला झुकेल. ते झुकू दिलं नाही.

निकाल काल जाहीर झाला. तुला चिटणीसाकडून मिळालाच असेल, पण माझ्या हातचाही असावा म्हणून सार लिहिते. दुसऱ्या पक्षाचं सदस्यत्व कायमचं रद्द. तिच्या रुग्णाच्या मृत्यूची तारीख त्या जागेवर जाहीर करायची, म्हणजे त्यानंतरचं लिखाण वाचून कोणी काही करत असेल तर थांबेल. तिचं सगळं लिखाण काढून टाकायचं. चिटणीसानं विचारलं, पहिल्या वर्षाचंही? तेव्हा नवरा जिवंत होता. मी म्हटलं, खरं कुठे संपतं आणि खोटं कुठे सुरू होतं हे वाचणाऱ्याला कसं कळणार, सगळं काढा. सिस्टर शेवटपर्यंत ताकीदच म्हणत होती. ‘प्रथमतः’ माझ्या बाजूला आले. अध्यक्षाचं मत जड धरतात.

निकालानंतर सिस्टरनं मला एक ओळ पाठवली. ‘इतकं कडक कशासाठी तुम्ही तर तिला ओळखतसुद्धा नाही’

आज राजीनामा पाठवला. कारण ‘प्रकृती’ असं लिहिलं. तेव्हा खोटं लिहिणारी तू एकटी नाहीस.

मी चुकले असं मला वाटत नाही. निकाल बरोबर आहे. पण तो माझ्या हातानं व्हायला नको होता. तुझं पत्र येईल असं धरून चालते.

ताई


२ एप्रिल

बेबी,

पत्र नाही. दुकानाच्या पत्त्यावरही एक टाकलं होतं. मालकांनी कळवलं की तू येतेस, काम करतेस आणि बोलत नाहीस.

दोन ओळी लिही. हवामानावर लिहिलंस तरी चालेल.

ताई


३० एप्रिल

प्रिय ताई,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहायचं होतं, पण आधी एक काम होतं.

मी शिवणवालीकडे जाऊन आले. तिचा पत्ता माझ्याकडे होता, सदऱ्यांच्या पार्सलावरचा. कपड्यांच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, जिना बाहेरून. मी दारात नाव सांगितलं, माझं खरं आणि तिथलं टोपण, दोन्ही. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल, नाहीतर ओरडेल. मी त्याची तयारी करून गेले होते. ती म्हणाली, आत या, उभ्यानं बोलता येणार नाही.

मी तिचे सदरे परत नेले होते, दोन्ही, घडी न मोडलेले. तिनं ते हातात घेतले, निळ्याची शिवण अंगठ्यानं चाचपून पाहिली आणि विचारलं, माप कसं होतं? मी म्हटलं, माहीत नाही, घातलेच नाहीत. ती म्हणाली, तुम्ही दिलेल्या मापानं शिवले होते, ती मापं कोणाची? मी सांगितलं, त्याचीच, आजाराच्या आधीची. ती म्हणाली, मग सैल झाले असते. आजारात माणूस निम्मा होतो, ते मी धरायला हवं होतं. शिवणारीसारखी बोलत होती. राग कुठे ठेवला होता, कोण जाणे.

वडिलांची खाट भिंतीशी तशीच होती. त्यावर कपड्यांचे गठ्ठे होते. तिनं ते उचलून खाली ठेवले आणि आत गेली. बाहेर आली ती वाटीत पातळ लापशी आणि चमचा घेऊन. वाटी माझ्या हातात दिली आणि स्वतः खाटेवर जाऊन बसली.

म्हणाली, “मला भरवा. माझं काय चुकलं ते मला बघायचंय.”

ताई, मी नाही म्हणू शकले नाही. तिच्या पाठीशी उश्या लावून तिला ताठ बसवलं. मान मागे टाकली होती तिनं, वडिलांची असायची तशी. मी हनुवटी धरून खाली घेतली, छातीकडे. अर्धाच चमचा भरला. जिभेच्या मध्यावर ठेवला, थांबले. गळ्याकडे बघत राहिले, गिळलं की गळा वर जाऊन खाली येतो, तो आला. मग तिला ‘आ’ म्हणायला लावलं. आवाज ओला आला तर घास अडकलेला असतो, पुढचा द्यायचा नाही. तिचा कोरडा आला. मग पुढचा अर्धा चमचा. हे सगळं मला त्याच्या पहिल्या महिन्यातच दवाखान्यात शिकवलं होतं, जमलं तर करून बघा म्हणून. त्याला ते कधी जमलं नाही. पहिल्याच चमच्याला ठसका लागला आणि नळी राहिली ती शेवटपर्यंत.

तिनं पूर्ण वाटी खाल्ली. डोळे माझ्या हातावर. वाटी संपल्यावर मी म्हटलं, आता अर्धा तास आडवं करायचं नाही. ती तशीच बसून राहिली, आणि मी समोर वाटी धरून.

मग ती म्हणाली, “हे तुम्ही लिहिलं नव्हतं. हनुवटीचं. थांबायचं. आवाजाचं. यातलं काहीच लिहिलं नव्हतं.”

मी म्हटलं, “नाही.”

“का?”

“मला करावं लागलं नव्हतं.”

तिनं ते ऐकून घेतलं. नंतर उठली, वाटी माझ्या हातातून घेतली, धुतली, पालथी घातली. म्हणाली, माझे वडील तुमच्या मिस्टरांची रोज चौकशी करायचे, खुणेनं. मी त्यांना वाचून दाखवायची. शेवटच्या दिवशी दवाखान्यातसुद्धा विचारलं, त्यानं आज किती खाल्लं? मी सांगितलं, पूर्ण वाटी.

मग मला म्हणाली, आता तुम्ही जा. परत येऊ नका. जिना उतरताना मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

तुझा निकाल बरोबर आहे. मी तो वाचण्याआधीच मला माहीत होतं. पहिल्या वर्षाचं लिखाण गेलं त्याचं सांगते, तक्रार म्हणून नाही. ते सगळं खरं होतं. तो काय म्हणाला, कोणत्या दिवशी हसला, किती वेळा ‘पूर्व’ म्हणाला, ते मी दुसरीकडे कुठे लिहून ठेवलं नव्हतं. आता मला आठवेल तेवढंच आहे, आणि आठवायला लागलं की माझा हात त्यात भर घालतो, हे तुला माहीत आहे.

‘पूर्व’ मी मुद्दाम घातला होता, हे तू बरोबर ओळखलंस. दबाव म्हणून नाही. मला वाटलं, तो शब्द वाचलास की कागद बाजूला ठेवशील आणि गाडी पकडशील. तू कागद खाली ठेवणार नाहीस, हे मला कळायला हवं होतं. त्यात तुझी काही चूक नाही. मीच तुला कागदावर गाठायला गेले.

खाटेचं तू जानेवारीत विचारलं होतंस. ती परत केली नव्हती. चादर रोज बदलत होते.

परवा खाटेच्या दुकानातून माणूस बोलावला. तो पान्हा घेऊन खाली बसला आणि सहज विचारलं, “पेशंट बरे झाले वाटतं?”

मी म्हटलं, “वारले.”

“अरेरे. कधी?”

मी खरी तारीख सांगितली. त्यानं वर बघितलं, माझ्याकडे, मग चादरीकडे, मग उशीकडे. मान खाली घालून एकेक बोल्ट सोडवायला लागला. मी चादर काढून घेतली.

ये म्हणून आता लिहीत नाही. आलीस तर दार उघडीन. त्या खोलीत बसायला काही उरलेलं नाही, एवढं धरून ये.

बेबी